माहिती चौकट : गाडा पळण्याआधीची परवानगी

कुरुळी, चिंबळी, चाकण या खेडच्या पट्ट्यात जत्रा म्हटली की बैलगाडा शर्यतीचा घाट, म्हणजे धावपट्टी, आलीच. जुंपलेल्या बैलांच्या दोन जोड्या, पुढे घोडीस्वार आणि सेकंदावर ठरणारी बारी, म्हणजे गाड्याची धाव! त्यामागची कागदपत्रेही तितकीच मोलाची.

• बंदी : खेळांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केंद्राने 2011 मध्ये बैल घातला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या.

• परतीची वाट : राज्याने 2017 मध्ये कायदा बदलला. 16 डिसेंबर 2021 रोजी न्यायालयाने सशर्त मुभा दिली. 18 मे 2023 रोजी घटनापीठाने कायदा वैध ठरवला.

• परवानगी कोणाची : जिल्हाधिकाऱ्यांची. कुरुळी पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यातली, म्हणून अर्ज पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे.

• अटी : बैलांची पशुवैद्यकीय तपासणी हवी. धाव जास्तीत जास्त 1000 मीटर. चाबूक, काठी, टोचणी, विजेचा झटका, उत्तेजक औषध यांना मनाई.

• शिक्षा : 5 लाखांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद.



सात वर्षे दावणीला उभ्या राहिलेल्या बैलांना घाट परत मिळाला, तो याच अटींवर. त्या काटेकोर पाळणे ही गाडामालकाइतकीच जत्रा कमिटीची आणि घाटावर जमणाऱ्या प्रत्येकाची जबाबदारी आहे.