मोटारीचें पोट आणि आपली पाणंद

मोटार घेतांना आमचे शेतकरी बंधू किंमत, मायलेज आणि रंग यांची चौकशी बारकाईनें करितात. परंतु गाडीच्या पोटाचा सर्वांत खालचा भाग जमिनीपासून किती उंच आहे, हें विचारणारे थोडेच आढळतात. या अंतरास ग्राउंड क्लिअरन्स असें म्हणतात. धाराशिव जिल्ह्यांत ज्याचें घर गांवांत नसून मळ्यांतील वस्तीवर आहे, त्यानें तरी रंगाच्या आधीं हा आंकडा पाहावा, असें आमचें मत आहे.

सोलापुराहून तुळजापुरावरून धाराशिवास येणाऱ्या महामार्गावर, किंवा नळदुर्गाहून उमरग्याकडे जाणाऱ्या मार्गावर, कोणतीहि गाडी सुखानें चालते. खरी परीक्षा डांबर संपून पाणंद लागते तेथें होते. आपली काळी माती पावसाळ्यांत लोण्यासारखी मऊ पडते. तीवरून ट्रॅक्टर गेले, त्यांतून उसाच्या ट्रॉल्या ओढीत गेले, म्हणजे दोहों बाजूंस खोल चाकोऱ्या पडून मध्यें वरंबा उभा राहतो, आणि उन्हाळ्यांत तोच दगडासारखा कठीण होतो. बैलगाडीस याचें भय नव्हतें. तिचीं चाकें मोठीं, आंस उंच, आणि तीहि एकच. मोटारीचें पोट मात्र दोन आंसांच्या मध्यें लांब पसरलेलें असतें. त्यामुळें बांधाच्या चढावर पुढचीं चाकें उतरलीं आणि मागचीं अद्याप चढावयाचीं आहेत, अशा क्षणीं तें मध्यभागीं टेकतें. उंची सारखी असली तरी जिच्या पुढच्या-मागच्या चाकांतील अंतर अधिक, ती गाडी आधीं टेकते.

टेकल्यानें काय बिघडतें? इंजिनाच्या तळाशीं तेलाचें भांडें असतें; आपले मेकॅनिक त्यास चेंबर म्हणतात. चेंबर फुटलें कीं तेल वाटेवर गळून जातें. त्यांतहि लाल दिवा लागला असतांना, "घर आलेंच आहे," म्हणून जो गाडी हांकीत राहतो, त्याचें इंजिन जाम होतें. चेंबर बदलणें परवडतें. इंजिनाचें काम निघालें तर सोयाबीनचे पैसे तेथेंच जातात.

कंपनीच्या पत्रकांतील उंची बहुधा रिकाम्या गाडीची असते. २०२३ सालीं जी. एस. टी. परिषदेनें मोठ्या गाड्यांच्या उपकरासाठीं १७० मिलिमीटरची, म्हणजे सुमारें पावणेसात इंचांची, कसोटी स्पष्ट केली, तीहि रिकाम्या गाडीचीच. पण आपल्या घरची मोटार रिकामी धांवते कधीं? येरमाळ्याच्या यात्रेस निघालेलीं पांच माणसें आणि डिकींत एक पोतें, एवढ्या भारानें स्प्रिंगा दबून इंच-दीड इंच सहज कमी होतात. पावणेसातांतून दीड गेले, उरले सव्वापांच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक चार इंच उंच, सुमारें बारा फूट रुंद व गोलसर असतो. त्यावरून ही गाडी जाईल. गांवोगांवीं हौसेनें घातलेले आंखूड, उभट गतिरोधक मात्र कोणत्याहि मापांत बसत नाहींत!

म्हणून खरेदीपूर्वीं घरचीं सर्व माणसें गाडींत बसवावीं, सपाट जागीं पोटाखालील अंतर काठीनें मोजावें, आणि तीच काठी आपल्या पाणंदींत चाकोरीच्या तळापासून वरंब्याच्या माथ्यापर्यंत लावून पाहावी. विक्रेता हंसला तर हंसूं द्यावा.

केवळ ऐटीसाठीं उंच गाडी घेण्याच्या आम्ही विरुद्ध आहों. उंचीबरोबर गाडीचा भारहि वर जातो व तुळजापूरच्या घाटांतील वळणावर ती अधिक झुकते. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईस चढणेंहि जड जातें. स्प्रिंगांत रबर बसवून उंची वाढविण्याची युक्ति तर करूंच नये, कारण त्यानें गाडीची रस्त्यावरील पकड बिघडते. मोठे टायर घातले तरी व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची मिळते. शिवाय उंच गाडी म्हणजे होडी नव्हे. २०२५ च्या सप्टेंबरांत परंडा व भूम तालुक्यांत पुरानें केलेला हाहाकार सर्वांस ठाऊक आहे. फरशी पुलावरून फूटभर पाणी वाहत असलें तरी लहान मोटार तरंगून वाहून जाऊं शकते.

वरंबा फार माजला असेल तर पेरणीपूर्वीं शेजाऱ्यांनीं मिळून तो खोदावा व चाकोऱ्यांत मुरूम भरावा. तोंवर एक चाक वरंब्यावर व दुसरें कडेवर ठेवून हळू जावें, आणि म्हातारीं माणसें सोडून बाकीच्यांनीं तेवढ्यापुरतें उतरून चालावें.