निशाणी पंचाची

रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत मी बत्तीस वर्षं वेल्डिंगचं काम केलं, पुढे करवून घेतलं. जोड पुरा झाला, स्लॅग ठोकून काढला, तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत केला की वेल्डर एक छोटा पोलादी पंच घेतो आणि हातोडीच्या एका ठोक्यात जोडाशेजारी आपला क्रमांक उमटवतो. दाब सोसणाऱ्या टाक्यांवर आणि नळ्यांवर हा क्रमांक लागतोच. उद्या जोड फाटला तर तो कुणाच्या हातचा, हे कळायला हवं. माझा क्रमांक होता डब्ल्यू १७. पगारपत्रकावर सही करताना मला कधी काही वाटलं नाही, पण तो पंच ठोकताना दरवेळी हात क्षणभर थांबायचा.

जबलपूर हे शिक्क्यांचं आणि पंचांचंच गाव आहे. गन कॅरेज फॅक्टरी १९०४ ची. खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला. त्यानंतर व्हेईकल फॅक्टरी आली, आणि तिथून लष्कराची जोंगा गाडी बाहेर पडली. जोंगा या नावातच जबलपूर आहे: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली, याची आद्याक्षरं. एका गावानं गाडीच्या कपाळावर केलेली ती सही आहे, असं मला नेहमी वाटत आलं.

सह्यांचा हा विषय डोक्यात पक्का बसला तो मात्र फार दूर, जर्मनीत. मुलगा नोकरीनिमित्त स्टुटगार्टजवळ राहतो. निवृत्तीनंतर आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो, तेव्हा एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, चला, रानात एक डबा शोधायचाय." हातात मोबाइल, पडद्यावर बाण आणि उरलेलं अंतर. ओलसर पाचोळ्यातून तासभर चाललो. शेवटच्या दहा मीटरमध्ये मोबाइलचा बाण भिरभिरायला लागला. "आता डोळ्यांनी शोधायचं," मुलगा म्हणाला. उन्मळून पडलेल्या झाडाच्या मुळांत, दोन दगडांआड, हिरवी लोखंडी पेटी होती. मी ती बघताक्षणी ओळखली. झाकणाला रबराची कड, बाजूला कडीची पकड: गोळ्यांची लष्करी पेटी! खमरियाच्या वाटेवर आयुष्य काढलेल्या माणसाला ती ओळखायला वेळ लागणार नाही. या खेळातल्या लोकांना तीच सर्वांत आवडते, कारण तिच्यात पाणी शिरत नाही. आत प्लास्टिकच्या पिशवीत एक वही आणि पेन्सिलीचा तुकडा होता.

या खेळाचं नाव जिओकॅशिंग. त्याचा जन्म तारखेनिशी सांगता येतो. अमेरिकेच्या जीपीएस उपग्रहांकडून सामान्य लोकांना मिळणाऱ्या संकेतात मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकायची. मे २००० च्या आरंभी ती चूक काढून टाकली आणि घरगुती यंत्रंही दहावीस मीटरवर आणून सोडू लागली. लगेच ३ मे रोजी डेव्ह अल्मर नावाच्या संगणकतज्ज्ञानं ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी प्लास्टिकची बादली ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर जाहीर केले. आत काही पुस्तकं, संगणकाच्या कार्यक्रमांच्या तबकड्या, एक गलोल, घेवड्याच्या दाण्यांचा डबा असं सटरफटर. सोबत वही आणि पेन्सिल. काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा, एवढाच नियम. थोड्याच दिवसांत माइक टीग यांनी ती शोधून काढली. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. वस्तूंची देवघेव आता ऐच्छिक राहिली आहे. वहीतली सही मात्र सुटलेली नाही. डबा हाताला लागला, उघडला, पण वहीत सही नाही, तर तो 'सापडला' म्हणून मांडता येत नाही. डबा ठेवणारा वही ताडून पाहू शकतो आणि घरबसल्या केलेल्या खोट्या नोंदी खोडू शकतो.

ती वही मी दगडावर बसून पहिल्या पानापासून वाचली. मुलगा घाई करत होता, पण मला उठवेना. बहुतेकांनी खरं नाव लिहिलेलंच नव्हतं. प्रत्येकाचं एक टोपणनाव, आणि ते लिहायची प्रत्येकाची रीत ठरलेली. कुणी तारखेसोबत वेळही मिनिटापर्यंत टाकतो. कुणी नावाच्या शेपटीला बेडूक काढतो आणि पुढच्या पानावर त्याच हातचा तोच बेडूक कुणा दुसऱ्याच्या सहीकडे बघत बसलेला असतो. एका कुटुंबानं पाच बोटांचे पाच ठसे उमटवले होते, सर्वांत लहान ठसा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. काहींनी नुसतं 'डीएफडीसी' लिहिलेलं. डब्याबद्दल आभार, या जर्मन शब्दांची ती आद्याक्षरं. इंग्रजीतली मंडळी त्यालाच 'टीएफटीसी' लिहितात. 'टीएनएलएन' म्हणजे काही घेतलं नाही, काही ठेवलं नाही. जुन्या पत्रांत 'सा. न. वि. वि.' लिहायचो, तसंच हे.

सही कशी होणार हे पुष्कळदा डबाच ठरवतो. पेटीतल्या जाड वहीत लोक पानभर लिहितात: पाऊस, चुकलेली वाट, सोबतचा कुत्रा, नुकतीच झालेली सोयरीक. फिल्मच्या डबीत कागदाची पट्टी मावते, तिथे नाव आणि तारीख. आणि बोटाच्या पेराएवढ्या, लोहचुंबकानं कठड्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या डबीत सेंटिमीटरभर रुंदीची गुंडाळी असते. ती उलगडण्यापेक्षा परत गुंडाळणं अवघड. तिथे दोन अक्षरंच बसतात. म्हणून दहाजण मिळून गेले तर सगळ्यांचं मिळून एकच नाव टाकतात. रंगीत स्टिकर चिकटवणारेही आहेत, पण स्टिकर जाड असतो, गुंडाळी डबीत बसत नाही, आणि मागून येणाऱ्याची जागा जाते. मला हे पटतं. पेनापेक्षा पेन्सिल बरी, हेही खरं: दमट कागदावर शाई पसरते आणि कडाक्याच्या थंडीत बॉलपेन चालतच नाही. पेन घरी विसरलेल्यांनी चिखलानं, कोळशानं, पानाच्या रसानं सह्या केल्याचे किस्से मुलानं सांगितले.

रबरी शिक्का वापरणाऱ्यांची परंपरा तर या खेळाहून फार जुनी आहे. इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या पठारावर क्रॅनमिअर पूल नावाची दलदलीतली अवघड जागा आहे. १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्यानं तिथे एक बाटली ठेवली. पोचलेल्यानं आपल्या नावाचं कार्ड आत टाकून यायचं. त्यातून पुढे 'लेटरबॉक्सिंग' वाढलं. त्यात माणसाजवळ स्वतःचा शिक्का आणि स्वतःची वही असते. डब्यातल्या वहीत आपला शिक्का मारायचा, डब्यातला शिक्का आपल्या वहीत उमटवून घ्यायचा. अनेकजण शिक्के स्वतःच्या हातानं रबरात कोरतात.

शिक्का, मुद्रा, निशाणी... हे शब्द मनात आले आणि मला त्या परक्या रानात आपलं माणूस भेटल्यासारखं झालं. मराठेशाहीच्या कागदांत माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपला की 'लेखनसीमा' असा छोटा शिक्का. त्याखाली कुणी दोन ओळी घुसडू नयेत म्हणून. आणि गावच्या वतनाचा तंटा सोडवताना जो महजर लिहीत, त्याच्या शेवटी गोताच्या साक्षी असत. अक्षर न येणाऱ्यांनी काय करायचं? त्यांनी निशाणी करायची. पाटलाच्या नावापुढे नांगर. न्हाव्याच्या नावापुढे आरसा. सुतार-लोहारांच्या नावापुढे त्यांच्या हत्यारांची चित्रं. 'निशाणी नांगराची' असं लिहून शेजारी चिमुकला नांगर रेखलेला असतो. इंग्रजी अमदानीत सगळ्यांच्या वाट्याला एकसारखा काळा अंगठा आला, आणि अंगठेबहाद्दर ही शिवी झाली. त्याआधी निरक्षर माणूसही कागदावर आपला धंदा घेऊन उभा राहत होता. निरक्षराची ती इभ्रत आपण गमावली, याचं मला मनापासून वाईट वाटतं. बेडूक काढणाऱ्या त्या जर्मन माणसानं नकळत तीच रीत उचललेली आहे.

मुलानं पेन्सिल पुढे केली. "तुम्ही काय लिहिणार?" मी देवनागरीत तारीख घातली, 'जबलपूर' लिहिलं आणि शेजारी चौकटीत माझा पंच काढला: डब्ल्यू १७. खाली लिहिलं, निशाणी पंचाची. नाव लिहायची गरज वाटली नाही.

परत आल्यावर पहिल्यांदा ग्वारीघाटावर गेलो, तेव्हा हे सगळं आपल्या दाराशीच होतं हे उमगलं. जबलपूरकराच्या डोळ्यांसमोरून नर्मदा परिक्रमावासी रोज जात असतात. पांढरे कपडे, पाठीवर झोळी, हातात दंड, तोंडी 'नर्मदे हर'. त्यांत मराठी माणसं खूप. नदीची लांबी १,३१२ किलोमीटर. तिला उजव्या हाताला ठेवून, कुठेही न ओलांडता दोन्ही काठांनी चालायचं, म्हणजे सुमारे २,६०० किलोमीटर. गोनीदांनी ही वाट तुडवली आणि 'कुणा एकाची भ्रमणगाथा' लिहिली. जगन्नाथ कुंटे यांच्या 'नर्मदे हर हर'नं तर घरोघरच्या मराठी वाचकाला या वाटेचं वेड लावलं. या प्रत्येक चालणाऱ्याजवळ एक डायरी असते. मुक्काम झाला की आश्रमाचा किंवा ग्रामपंचायतीचा सही-शिक्का तीत घ्यायचा. उलट आश्रमाच्या रजिस्टरमध्ये आपलं नाव-गाव लिहायचं. म्हणजे दोन वह्या, आणि दोघांची एकमेकांच्या वहीत खूण. डार्टमूरवरही अगदी हेच चालतं, फक्त इथे डब्याच्या जागी गरम खिचडी वाढणारा माणूस बसलेला असतो.

घाटावर टेकलेल्या एका काकांनी आपली डायरी मला बघू दिली. सांगली जिल्ह्यातले शेतकरी. गोल, चौकोनी, लंबगोल शिक्के. जांभळी शाई कुठे दाट, कुठे पुसट. एका पानावर शिक्काच नव्हता. वाकड्यातिकड्या अक्षरांत नुसतं 'नर्मदे हर' आणि एक नाव. "झोपडी होती," काका म्हणाले. "त्यांच्याकडं कुठला शिक्का? पण भाकरी दिली. म्हटलं, तुमच्या हातानं लिवा." त्या पानावर त्यांनी बोट ठेवलं ते बराच वेळ उचललं नाही. आमच्याच जबलपूरचे चित्रकार-लेखक अमृतलाल वेगड १९७७ पासून तुकड्यातुकड्यानं ही परिक्रमा चालले. त्यांनी वाटेत काढलेली रेखाटनं ही त्यांची डायरी. २०१८ मध्ये ते गेले. पाण्याच्या कडेला बसलेल्या बायांच्या त्यांनी काढलेल्या पाठी घाटावर अजून तशाच दिसतात.

तिथून पंचवीसेक किलोमीटरवर भेडाघाट. संगमरवराच्या त्या शुभ्र कड्यांजवळ, माणसाचा हात पोचेल तिथे, नावं खरवडलेली आहेत. बदामात बाण, तारखा, आद्याक्षरं. सह्याद्रीतल्या गडांची दारं आणि टाकी यांचीही हीच दशा. संरक्षित स्मारकाची नासधूस केली तर १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, तरी हात थांबत नाहीत. मला वाटतं, मी इथवर आलो हे लिहायची ओढ खोटी नसते. तिला कागद मिळत नाही म्हणून ती दगडावर जाते. गडाच्या पायथ्याशी जिथे गावकऱ्यांनी चहाच्या टपरीत वही ठेवली आहे, तिथे लोक रांग लावून अभिप्राय लिहितात, हे मी स्वतः पाहिलं आहे. भेडाघाटच्या पायऱ्यांवर तशी एक वही आणि दोरीनं बांधलेली पेन्सिल असावी, असं मला फार वाटतं.

रिछाईत मात्र असा डबा कुणी लपवू नये, हे कळकळीनं सांगतो. मुलाला एकदा तो मोह झाला होता. मी हात धरला. आजूबाजूला संरक्षण खात्याचे कारखाने, जवळ छावणी; तिथे झुडपात बेवारस लोखंडी पेटी दिसली तर पोलीस आणि बॉम्बशोधक पथक धावणार, आणि त्यात त्यांची चूक काहीच नाही. खेळाचे नियमही हेच सांगतात: लष्करी जागा टाळा, जमीन खणून पुरू नका, जागेच्या मालकाची परवानगी घ्या.

गेल्या हिवाळ्यात मुलाचा फोन आला. तो पुन्हा त्या रानात गेला होता. हिरवी पेटी तिथेच आहे, वही मात्र नवी. जुनी भरली म्हणून डबा ठेवणाऱ्यानं ती घरी नेली. भरलेल्या वह्या तो टाकत नाही, फडताळात ओळीनं लावून ठेवतो, असं त्यानं मुलाला कळवलं. एका पानाबद्दल त्यानं विचारलंही होतं: ही कुठली लिपी, आणि चौकटीतलं ते डब्ल्यू १७ काय आहे?

मी त्याला जोडाचा फोटो पाठवला. रिछाईतल्या एका जुन्या टाकीचा, पंचासकट.