जगभर तीच ती झाडं!

ऑफिसच्या प्रिंटरमधला ए-फोर कागद हातात घ्या. त्यात झाड दिसत नाही, पण बरीच शक्यता अशी की तो निलगिरी, सुबाभूळ किंवा सुरूच्या लगद्याचा असेल. रांगेत लावायची, ठरलेल्या वर्षी तोडायची, अशी ही झाडं. निलगिरी मूळची ऑस्ट्रेलियाकडची, सुबाभूळ मेक्सिकोचं. आपण इथे ऑनसाइटची वाट बघत बसलोय आणि ही मंडळी कधीच येऊन सेटल झालीत!

मी काही बॉटनीवाला नाही. पण आमच्या ऑफिसात दर पावसाळ्यात 'चला, जंगल उभारू या!' असं मेल येतं. त्यात टी-शर्टचा साइज विचारतात, रोपं कसली ते मात्र सांगत नाहीत. म्हणून एका रविवारी जगाचे आकडे काढून बसलो आणि चक्रावलोच.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०२० च्या अहवालात जगातलं एकूण जंगल ४०६ कोटी हेक्टर आहे. त्यातलं सुमारे २९ कोटी हेक्टर माणसाने लावलेलं. म्हणजे भारताच्या क्षेत्रफळाहून थोडंसंच कमी! यातलं निम्म्याच्या आसपास, १३ कोटी हेक्टर, हे चक्क झाडांचं शेत: एकदोन जाती, एकच वय, सारखं अंतर. आणि या शेतातली ४४ टक्के झाडं परदेशी जातींची. दक्षिण अमेरिकेत तर ९७ टक्के. उत्तर आणि मध्य अमेरिकेत मात्र जेमतेम ४. गंमत म्हणजे याच हिशेबात रबराचे मळे 'जंगल' धरतात, पाम तेलाचे धरत नाहीत. का? पाम हे शेतीचं पीक म्हणून. आणि रबर कसलं पीक, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

यातली सगळ्यात भारी स्टोरी रेडिएटा पाइनची. हा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या तीन जागा आणि मेक्सिकोची दोन बेटं एवढ्यातच आपणहून वाढणारा. आज न्यूझीलंडच्या लावलेल्या जंगलात दहातली नऊ झाडं त्याची. शिवाय चिली, ऑस्ट्रेलिया आहेतच. लाखो हेक्टरांवर पसरलेला हा गडी त्याच्या माहेरी मात्र धोक्यात आलेल्या जातींच्या यादीत आहे. आपलं सागवानही असंच फिरलंय म्हणा. घाना, नायजेरिया, कोस्टारिका, पनामा... सगळीकडे सागाच्या रांगा!

आता कोणी म्हणेल, बिघडलं काय? लाकूड तर हवंच ना! हवंच. ब्राझीलमधली निलगिरी सहा-सात वर्षांत तोडायला तयार होते. तेवढा लगदा रानातून काढायचा तर किती रान लागेल, विचार करा. शेत म्हणून लावा, शेत म्हणून मोजा, माझी काही तक्रार नाही. पण एकच झाड मैलोन् मैल लावलं की किंमत मोजावी लागते. पोर्तुगालच्या जंगलात पाव हिस्सा निलगिरी आहे. तिची तेलकट पानं आणि लोंबणारी साल म्हणजे वणव्याला आमंत्रणच. जून २०१७ मध्ये पेद्रोगाव ग्रांदे भागात निलगिरी आणि पाइनच्या रानात आग भडकली. ६० हून जास्त माणसं गेली, त्यातली बरीचशी गाडीतून पळताना, रस्त्यातच. त्याच वर्षी तिथे निलगिरीच्या नव्या लागवडीवर बंधनं घालणारा कायदा झाला.

आपल्याकडे हिशेब आणखी सढळ. एक हेक्टरहून मोठी जागा आणि वर झाडांची किमान १० टक्के सावली, की ते देशाच्या पाहणीत वनाच्छादन. मग ती आमराई का असेना!

आणि पुणेकर मंडळी, तुम्ही सकाळी टेकडीवर जॉगिंगला जाता ना? उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गाळून गुलाबी फुलांनी भरलेली जी झाडं मोबाइलमध्ये टिपता, ते गिरिपुष्प. मध्य अमेरिकेकडचं. हलक्या मुरमाड जमिनीत तगतं, भराभर वाढतं, तोडलं तरी पुन्हा फुटतं, म्हणून लावलं. टेकडी हिरवी झाली, हे खरंच. पण तिथलं मूळचं रान म्हणजे गवत, आणि मधूनमधून सालई, मेडशिंगी, हिवर. पुढच्या रविवारी यातलं एक तरी झाड सापडतंय का, बघा.