गावाचा सर्व्हर, गावाच्या गप्पा

देऊळगाव राजा तालुक्यात शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं बीजोत्पादन होतं. कोणती फवारणी लागू पडली, कुठल्या वाणानं दगा दिला, हे ज्ञान आज व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवरून फिरतं आणि चार दिवसांत 'गुड मॉर्निंग'च्या ढिगाखाली जातं. शिवाय ते ज्या यंत्रणेवर चालतं, तिचे नियम एका परदेशी कंपनीच्या हातात.

कंपनीनं दार लावलं तर काय होतं, हे 2019 मध्ये दिसलं. ट्विटरनं ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं बंद केलं. कारण ठरलं होतं त्यांनी खात्यावर लावलेलं, नाझी सलाम नाकारणाऱ्या माणसाचं जुनं छायाचित्र! त्या नोव्हेंबरात हजारो भारतीयांनी मॅस्टोडॉन या दुसऱ्या समाजमाध्यमावर खाती उघडली.

मॅस्टोडॉन 2016 मध्ये ऑयगेन रोचको या जर्मनीतल्या तरुणानं सुरू केलं. मॅस्टोडॉनला मुख्यालयातला एकच मोठा सर्व्हर नाही. कुणीही आपला सर्व्हर उभारावा. जीमेलवरून याहूला मेल जातो, तसा इथं एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलतो. त्यासाठीची सामायिक भाषा म्हणजे ॲक्टिव्हिटीपब. 2018 मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू3सी या संस्थेनं तिला प्रमाण मानलं. सर्व्हर पटला नाही तर दुसरीकडे जाता येतं, फॉलोअर सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात, ही उणीव मला फार खटकते.

देऊळगाव राजात असा सर्व्हर चालवायचा झाला तर? हीच सामायिक भाषा बोलणारं गोटूसोशलसारखं हलकं सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही चालतं. खरी अडचण जोडणीची. बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडमध्ये एकच आयपी पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरचा सर्व्हर आत पोचतच नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे आपला स्वतंत्र, न बदलणारा पत्ता घ्या, नाहीतर भाड्याच्या सर्व्हरमधून वाट काढा. वीज गेली तर घाबरायचं कारण नाही; समोरचा सर्व्हर थांबून थांबून संदेश पुन्हा पाठवून बघतो. डोमेनचं नाव मात्र आधीच नीट विचार करून ठरवावं, कारण खाती त्यालाच बांधलेली असतात. मागाहून बदललं की सगळी घडी विस्कटते. दसऱ्याच्या सुमारास बालाजीच्या यात्रेचे फोटो-व्हिडिओ येऊ लागले की डिस्क भरेल. बाहेरून आलेल्या फोटोंच्या साठवलेल्या प्रतीही जागा खातात, त्या ठरावीक दिवसांनी पुसाव्या लागतात. बॅकअप तर दुसऱ्या जागी हवाच.

यापेक्षा अवघड काम माणसांचं आहे. रात्री कुणी कुणाला शिवीगाळ केली, तर ती पोस्ट काढणार कोण? अनोळखी सर्व्हरवरून कचरा येऊ लागला, तर तो अडवायचा की नाही? हे निर्णय इथं कंपनी घेत नाही, आपल्यालाच घ्यावे लागतात. म्हणून सर्व्हर चालवणारे किमान दोघे-तिघे असावेत आणि नियम मराठीत, सगळ्यांना दिसतील असे लिहिलेले असावेत.

एवढी तयारी नसेल, तर दुसऱ्या कुणाच्या सर्व्हरवर खातं उघडून सुरुवात करावी. आणखी एक काम आजच हाती घेता येईल: मॅस्टोडॉनचं मराठी भाषांतर स्वयंसेवक करतात, आणि त्यासाठी सर्व्हर लागत नाही, मोबाईल पुरतो.