दोन पेन्सिल सेल आणि एक खोडरबर

पुण्याच्या जुन्या बाजारात दर बुधवारी आणि रविवारी गंजके पाने, बिनझाकणाचे मिक्सर आणि पितळी कुलपं यांच्या शेजारी हल्ली एक नवा माल मांडलेला दिसतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे खिशात मावणारे डिजिटल कॅमेरे. "काका, बंद आहे तो. शोकेसमध्ये ठेवायला न्या," असं विक्रेता प्रामाणिकपणे सांगून टाकतो. प्रस्तुत लेखक अशा वेळी खिशातून दोन चार्ज केलेले पेन्सिल सेल आणि शाळकरी खोडरबर काढतो. प्रत्येक वेळी जमतं असं नाही. पण जमतं तेव्हा शेजारचा कुलूपवालाही मान वाकवून बघतो.

या छंदाने एक गोष्ट पक्की शिकवली. ‘मेलेल्या’ कॅमेऱ्याचं दुखणं पुष्कळदा कॅमेऱ्यात नसतंच, ते सेल आणि त्याला टेकणारी धातूची पत्री यांच्यामधल्या केसभर जागेत असतं.

इतिहास थोडक्यात उरकू. १९७५ साली कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना जुळवला, तेव्हा त्यात १६ निकेल-कॅडमियम सेल होते आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. पुढे सेल चारावर आले, मग दोनावर. काही कॅमेरे चपट्या लिथियम-आयन बॅटरीकडे गेले. बस्स.

आता मुद्द्याचं. कॅमेरा चालू केला, लेन्स निम्मी बाहेर आली, ‘बॅटरी बदला’ असा संदेश चमकला आणि सगळं थंड. सेल तर सकाळीच नवे आणलेले! माणूस मल्टिमीटर लावतो, तर तोही १.४ व्होल्ट दाखवतो. इथे बहुतेकांची फसगत होते. मीटर सेलकडून जवळजवळ काहीच प्रवाह मागत नाही. लेन्सची मोटर आणि फ्लॅशचा कपॅसिटर मात्र एकदम ओढतात. आरामात बसलेल्या माणसाची नाडी पाहून तो सिंहगड चढेल की नाही हे सांगता येत नाही, तसंच हे.

हिशेब सोपा आहे. कॅमेरा क्षणभर एक अँपिअर मागतोय असं धरू. पत्रीवरच्या मळाचा रोध फक्त ०.३ ओहम असला, तरी ०.३ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. दोन निकेल-मेटल-हायड्राइड सेलचे मिळून २.४ व्होल्ट, त्यातले उरले २.१. कॅमेऱ्याला वाटतं, सेल संपले. सेल भरलेलेच असतात.

घड्याळात घालतो तो स्वस्त झिंक-कार्बन सेल कॅमेऱ्यात टाकूच नये, तो पहिल्या उंबरठ्यावरच बसकण मारतो. अल्कलाइन बरा, पण जोराच्या मागणीपुढे त्याचाही व्होल्टेज घसरत जातो. गंमत अशी की वेष्टनावर १.५ लिहिलेला अल्कलाइन १.२ लिहिलेल्या निकेलवाल्यापुढे हरतो, कारण निकेलच्या सेलचा अंतर्गत रोध कमी असतो आणि तो शेवटपर्यंत दम टिकवतो. २००७ च्या कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएसचे कंपनीने दिलेले आकडे बघा: अल्कलाइनवर सुमारे १२० फोटो, निकेलवर सुमारे ४००. हे आकडे काढण्याची जपानी पद्धतही मोठी शिस्तीची आहे. २३ अंश तापमान, दर ३० सेकंदांनी एक फोटो, एकाआड एक फ्लॅश, प्रत्येक फोटोआधी झूम, दहा फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू. लग्नातला आपला हौशी फोटोग्राफर यातलं काहीच पाळत नाही, त्यामुळे त्याला ते आकडे मिळतही नाहीत.

निकेलच्या सेलचा जुना अवगुण म्हणजे ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या रिकामं होणं. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले आणि ते दुखणं बरंच हटलं. तरी जोडी मोडायची नाही. एक दमदार आणि एक थकलेला सेल एकत्र घातला की थकलेला आधी रिता होतो आणि दुसरा त्याच्यातून प्रवाह रेटत राहतो, त्यामुळे थकलेल्याचे ध्रुवच उलटतात. प्रस्तुत लेखकाच्या सेलांवर मार्करने अ-अ, ब-ब अशी अक्षरं आहेत. घरच्यांनी त्यावर हसून घेतलं आहे.

आता लाडका विषय, पत्र्या. सेलच्या खणाचं झाकण उघडून उजेडात धरावं. झाकणाच्या आतल्या बाजूला दोन्ही सेलांना जोडणारी एक पत्री असते, खरी गुन्हेगार बहुधा तीच. वरवर चकचकीत दिसते, पण तिरकं पाहिलं की सेल जिथे टेकतो तिथे करडा डाग दिसतो. खोडरबरने तो डाग घासावा आणि चुरा फुंकून टाकावा. काचपेपर नको, त्याने वरचा मुलामा जातो आणि गंज लवकर चढतो. पांढरी बुरशी दिसली तर अल्कलाइन सेल गळलेला आहे. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून ती पूड होते. इअरबडच्या टोकावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन हलकेच टेकवलं की ती फसफसते. मग पाण्याने किंचित ओला केलेला बोळा फिरवायचा, कोरडं पुसायचं आणि रात्रभर वाळू द्यायचं. हे लेखक स्वतःच्या चुकीतून शिकला. सहलीहून आल्यावर सेल आतच विसरले आणि पुढच्या पावसाळ्यात स्प्रिंग हातात तुकड्यांनी आली.

एवढं करूनही चालेना, तर झाकण अंगठ्याने घट्ट दाबून बटण दाबावं. चालू झाला की समजावं, खटका झिजलाय. प्लास्टिकचा तो इवलासा दात स्प्रिंगचा ताण वर्षानुवर्षं सोसतो आणि एक दिवस तुटतो. जाड रबरबँडवरही अनेक कॅमेरे सुखाने चालतात. मात्र बाहेरचे स्क्रू काढून आत हात घालायचा मोह टाळावा. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठा असू शकतो आणि सेल काढल्यावरही तो टिकतो.

लिथियम-आयनवाल्यांची तऱ्हा वेगळी. तिथे फुगवटा बघायचा. बॅटरी खणातून निघताना अडत असेल, तर ती टोचायची नाही, दाबायची नाही, चार्ज तर अजिबात करायची नाही. ई-कचऱ्यात द्यायची आणि नवी आणायची.

तारीख दरवेळी नव्याने विचारणारा कॅमेरा मुख्य सेलांना दोष देत नसतो. त्याचा आतला बटणसेल संपलेला असतो. तो बदलताना घरात लहान मूल असेल, तर जुना सेल टेबलावर क्षणभरही ठेवू नये.

गेल्या महिन्यात बाजारात एक चंदेरी कॅमेरा असाच खोडरबरने जागा झाला. दीडशेला ठरला, विक्रेता नीट निरखत होता. पुढच्या रविवारी त्याच्या ताडपत्रीवर कॅमेऱ्यांच्या रांगेत दोन चार्ज केलेले सेल आणि हिरवा खोडरबर मांडलेला होता. "चालू आहे काका, बघा," तो म्हणाला. भाव साडेपाचशे.