मेलेल्यांच्या बाजूने अपील कोण करणार?

भरधाव मोटारीखाली माणसे चिरडतात. चालवणारा एखाद्या बड्या घरचा मुलगा निघतो. चारआठ वर्षांनी वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बातमी येते की, त्याला इतके महिने शिक्षा झाली. आपण वर्तमानपत्राची घडी घालतो आणि म्हणतो, 'पैसा बोलला, दुसरे काय?' पैसा बोलतो हे खरे. पण तो कोठे, केव्हा आणि कोणाच्या तोंडून बोलतो, हे आपण पाहत नाही. आम्ही तीस वर्षे वाहतूक कामगारांच्या संघटनेचे काम करीत आलो. शाळा आमची सातवीत सुटली. कायदा शिकलो तो कोर्टाच्या व्हरांड्यात, तारखेच्या पुकाऱ्याची वाट पाहत. तेथे एक गोष्ट मनाशी पक्की झाली. सौम्य शिक्षा ही निकालाच्या दिवशी जन्मत नाही. ती आधीपासून पायरीपायरीने घडत आलेली असते.

एक खटला उदाहरणादाखल घेऊ. नावे घेत नाही. प्रश्न एका माणसाचा नाही, रीतीचा आहे. मुंबईत वांद्र्याला कार्टर रोडवर २००६ साली रस्तादुरुस्तीचे काम चालू होते. मजूर पदपथावरच्या तात्पुरत्या झोपड्यांत राहत आणि झोपड्यांपुढे उघड्यावर निजत. १२ नोव्हेंबरच्या पहाटे, पावणेचार ते चारच्या दरम्यान, एक मोटार पदपथावर चढली. सात मजूर ठार झाले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्याचे प्रमाण ०.११२ टक्के निघाले, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात ११२ मिलिग्रॅम. कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. जो रस्ता ही माणसे दिवसा बांधीत होती, त्याच रस्त्याच्या कडेला ती रात्री मेली.

आता पहिली पायरी पाहा : कलम. त्या वेळच्या भारतीय दंड संहितेत अशा मृत्यूला दोन दारे होती. एक कलम ३०४-अ, हयगयीने मृत्यू घडवण्याचे. शिक्षा जास्तीत जास्त दोन वर्षे. दुसरे कलम ३०४, भाग दोन, सदोष मनुष्यवधाचे; शिक्षा दहा वर्षांपर्यंत. फरक एका शब्दाचा आहे, आणि तो शब्द म्हणजे 'जाणीव'. दारू पिऊन भरधाव गाडी हाकली तर माणूस मरेल, याची त्याला जाणीव होती काय? होती असे शाबीत झाले तर दहा वर्षांचे दार उघडते, नाही तर दोन वर्षांचे. फिर्याद लिहिताना, आरोपपत्र तयार करताना कोणते दार उघडायचे हे ठरते, आणि तेव्हा मेलेल्याचे नातेवाईक बहुधा शवागाराबाहेर उभे असतात.

कार्टर रोडच्या खटल्यात सत्र न्यायालयाने २००७ साली दोन वर्षांचेच दार धरले, आणि त्यातही सहा महिने कैद व पाच लाख रुपये दंड एवढीच शिक्षा दिली. सात माणसांना सहा महिने! राज्य सरकारने अपील केले. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा शाबीत मानून तीन वर्षे शिक्षा दिली. आरोपी सर्वोच्च न्यायालयात गेला. जानेवारी २०१२ मध्ये त्या न्यायालयाने शिक्षा कायम केली. पण आपल्या निकालात असेही नमूद केले की, अशा गुन्ह्याला तीन वर्षे फारच थोडी आहेत, तथापि शिक्षा वाढवून मागणारे अपील राज्याने आमच्यापुढे केलेलेच नाही, म्हणून आम्ही त्यात शिरत नाही. आम्ही हे वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटले नाही. न्यायालयाचा हात पुढे यायला तयार होता. मागणारा कोणी नव्हता.

दुसरी पायरी पुराव्याची. रक्तातले मद्य तासातासाने उतरते. नमुना वेळेवर घेतला नाही, की पुरावा शरीरातच विरून जातो. मोठ्या घरी अपघातानंतर पहिला दूरध्वनी वकिलाला जातो. गरिबाच्या घरी बातमी पोचते तेव्हा पंचनामा उरकलेला असतो. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ रोजी दोन तरुण अभियंते मोटारीखाली मेले. चालक अल्पवयीन होता. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट पडली, हे सर्वांना ठाऊक आहे. निबंध ही शिक्षा नव्हती, जामिनाची अट होती. खरी काळजीची गोष्ट पुढची आहे. रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टरांना अटक झाली. त्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा. पण नमुन्याच्या एका बाटलीवर किती काही अवलंबून असते, हे त्यावरून कळावे.

तिसरी पायरी काळ आणि पैसा. दिल्लीत १० जानेवारी १९९९ च्या पहाटे एका श्रीमंत घराण्यातील तरुणाच्या मोटारीने सहा जण मारले. त्यांत तीन पोलीस होते. खटल्याच्या काळात साक्षीदाराला फिरवण्याच्या खटपटीपायी एक नामांकित वकील न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरला. २००८ मध्ये पाच वर्षे शिक्षा झाली, २००९ मध्ये उच्च न्यायालयाने ती दोन वर्षांवर आणली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध पुन्हा शाबीत ठरवला, पण भोगली तेवढी कैद पुरे मानून पन्नास लाख रुपये भरावयास आणि दोन वर्षे समाजसेवा करावयास सांगितले. तेरा वर्षे खटला लढवायला जो खर्च लागतो, तो कोणाला झेपतो?

येथे आम्हांला आमच्या घरचीही बाजू मांडली पाहिजे. आमच्या एका ट्रकचालकाकडून अपघात झाला, एक सायकलस्वार गेला. कलम जामीनपात्र होते. पण जामीनदार हवा, त्याचा ऐपतीचा दाखला हवा, चालक परमुलखातला. जामीनपात्र गुन्ह्यात तो अडीच महिने आत राहिला. मालकाने गाडी आठवड्यात सोडवून नेली. त्या सायकलस्वाराच्या बायकोला भेटायला आम्ही गेलो होतो. ती म्हणाली, 'तुम्ही त्याच्या बाजूचे, माझ्या बाजूचे कोण?' उत्तर आमच्याजवळ नव्हते.

म्हणून नुसती 'कडक कायदा करा' ही आरोळी आम्ही मारीत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि हयगयीच्या मृत्यूची कमाल शिक्षा पाच वर्षे झाली. अपघात करून, न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांची तरतूदही लिहिली होती. त्या वर्षीच्या जानेवारीत देशभरच्या चालकांनी गाड्या उभ्या केल्या, आणि संहिता लागू करताना ते पोटकलम मागे ठेवण्यात आले. चालकांची भीती खोटी नव्हती. थांबला तर जमाव मारतो, पळाला तर कायदा. कमाल शिक्षा वाढली की ती आधी ज्याला वकील नाही त्याच्यावर पडते; बड्याला कमाल शिक्षा कधी लागतच नाही.

उणीव दुसरीकडे आहे. आरोपी सुटला, किंवा हलक्या कलमाखाली दोषी ठरला, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर मृताच्या वारसांना अपिलाचा हक्क आहे; तो २००९ च्या अखेरीस मिळाला. पण नुसती शिक्षा थोडी झाली म्हणून अपील करण्याचा हक्क त्यांना नाही. तो राज्याचा. राज्य गप्प बसले की मेलेला कायमचा गप्प.

तेव्हा आपल्या गावात असे घडले, तर मेणबत्त्या लावून परतू नका. फिर्यादीत कलम कोणते लागले ते विचारा. रक्ताचा नमुना किती वाजता घेतला ते विचारा. तारखेला चार माणसे मागच्या बाकावर बसवा. साक्षीदाराला धीर येतो. निकाल लागला की, राज्याने मुदतीत अपील करावे असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. संघटनेत आम्ही एवढेच शिकलो : एकट्याची मागणी ही विनवणी ठरते, दहांची झाली की तिची नोंद करावी लागते. कार्टर रोडच्या त्या सात मजुरांची संघटना नव्हती. त्या बाईने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपणच व्हावयाचे आहे.