प्राचीन शिलारस आणि पर्वतनिर्मिती : एका भूवैज्ञानिकाची संशोधनवाट

नवी दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या परिसरात जागोजागी उघडे पडलेले करडे-तांबूस खडक दिसतात. कठीण, गारगोटीसारखे चमकणारे हे क्वार्टझाइट म्हणजे अरवली पर्वताचे उत्तरेकडील टोक होय. दिल्लीकर त्याला 'रिज' म्हणतात. सह्याद्रीचे कडे पाहण्याची सवय असलेल्या मराठी माणसाला या टेकाडांना पर्वत म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल. परंतु सह्याद्रीचा काळा पाषाण अवघा साडेसहा कोटी वर्षांचा आहे. दक्षिणेच्या पठाराची पश्चिमेकडील झिजलेली कड म्हणजे सह्याद्री. भूखंडांच्या दाबाने वळ्या पडून तो उभा राहिलेला नाही. अरवली मात्र खऱ्या अर्थाने 'घडवलेला' पर्वत आहे. सुमारे 180 कोटी आणि पुन्हा सुमारे 100 कोटी वर्षांपूर्वी तेथील खडक दाबले गेले, दुमडले गेले आणि उंचावले. त्यानंतरच्या प्रदीर्घ काळात ऊन, वारा आणि पाण्याने त्यांची उंची हिरावून नेली. पर्वताची उंची नाहीशी झाली असली तरी त्याचा इतिहास खडकांच्या रासायनिक घडणीत शिल्लक राहतो. तो वाचण्याचे काम आयुष्यभर करणाऱ्या शास्त्रज्ञांमध्ये प्रा. तलत अहमद यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागेल.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठात भूविज्ञानाचे शिक्षण घेतल्यानंतर प्रा. अहमद यांनी जवाहरलाल नेहरू विद्यापीठात संशोधन केले. तेथे पर्यावरण विज्ञान विभागात प्रा. व्ही. राजमणी भूरसायनशास्त्राचे अध्यापन करीत. कर्नाटकातील कोलार पट्ट्यातील प्राचीन खडकांवरील प्रा. राजमणी यांचे काम भूवैज्ञानिकांना परिचित आहे. हातोडी आणि होकायंत्र घेऊन नकाशे काढण्याच्या जुन्या परंपरेला रसायनशास्त्राची जोड देण्याचा तो काळ होता. अरवलीचे नकाशे ए. एम. हेरॉन यांच्यासारख्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या अधिकाऱ्यांनी आधीच परिश्रमपूर्वक तयार केले होते. खडक कोठे आहेत हे त्यांतून कळत होते, ते कसे निर्माण झाले हे कळायचे होते.

शिलारसाची साक्ष

पृथ्वीच्या कवचाखाली असलेले प्रावरण बहुतांशी घन असते. काही विशिष्ट परिस्थितीत त्याचा थोडासा भाग वितळतो. वितळताना काही मूलद्रव्ये घन खनिजांत राहणे पसंत करतात, तर काही लगेच द्रवात उतरतात. भाजी शिजताना मीठ-मसाला आधी रश्श्यात उतरावा, तसे हे घडते. वितळलेला अंश जितका कमी, तितका या 'उतरणाऱ्या' मूलद्रव्यांचा अर्क दाट. गार्नेट हे खनिज फार खोलवर स्थिर असते आणि ते जड दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांना धरून ठेवते. म्हणून हलक्या आणि जड दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचे गुणोत्तर मोजले, की शिलारस किती खोलीवर आणि किती प्रमाणात वितळून तयार झाला याचा अंदाज बांधता येतो. पुढे त्या खडकावर उष्णतेचे व दाबाचे संस्कार झाले तर सोडियम, पोटॅशियमसारखी मूलद्रव्ये वाहून जातात, त्यामुळे त्यांची साक्ष भरवशाची राहत नाही. दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये, टायटॅनियम, झिर्कोनियम ही मात्र बहुधा जागची हलत नाहीत. प्राचीन खडकांच्या अभ्यासात त्यांना महत्त्व आले ते याच कारणाने.

राजस्थानातील नाथद्वाराच्या परिसरात अरवली खडकसमूहाच्या अगदी तळाशी असे जुने लाव्हाखडक आढळतात. त्यांच्या खाली मेवाडचा पट्टेदार नाइस खडक आहे. त्याचे काही भाग 330 कोटी वर्षांचे असल्याचे 1990 मध्ये सिद्ध झाले. प्रा. अहमद आणि प्रा. राजमणी यांनी प्रथम या नाइस खडकांचा आणि नंतर त्यावरील लाव्हाखडकांचा अभ्यास केला. लाव्हाखडकांवरील त्यांचा शोधनिबंध 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. या खडकांत दोन प्रकार दिसतात. एक नेहमीच्या बसाल्टसारखा, तर दुसरा मॅग्नेशियमचे प्रमाण विलक्षण अधिक असलेला कोमॅटिआइटसदृश. कोमॅटिआइटचा लाव्हा सुमारे 1,600 अंश सेल्सिअस तापमानाचा असे, तर आज हवाई बेटांवर उसळणारा लाव्हा साधारण 1,200 अंशांचा असतो. त्या काळची पृथ्वी आतून किती तप्त होती, याची कल्पना यावरून यावी. ज्या प्रावरणातून हे लाव्हारस आले, ते आधीच हलक्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांनी समृद्ध झालेले होते, असे या विश्लेषणातून पुढे आले. प्राचीन भूखंड ताणला गेला, त्याला भेगा पडल्या, भेगांतून लाव्हा वर आला आणि खोलगट भागांत समुद्राचा गाळ साचला. अरवलीच्या जन्माचे हे पहिले प्रकरण.

या प्रकरणाला आर्थिक बाजूही आहे. अशाच खोलगट भागांतील गाळात जस्त आणि शिसे साठले. उदयपूरजवळच्या जावर येथे मध्ययुगात, युरोपच्या कितीतरी आधी, जस्त गाळले जात होते. खनिज कोठे सापडेल हे सांगणारे शास्त्र आणि पर्वत कसा घडला हे सांगणारे शास्त्र वेगळे काढता येत नाही.

हिमालयाकडे

यानंतर प्रा. अहमद यांचे कार्यक्षेत्र डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेत राहिले. ही संस्थाही मूळची दिल्लीची. 1968 मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात तिची लहानशी सुरुवात झाली आणि 1976 मध्ये ती डेहराडूनला हलविण्यात आली. इंग्लंडमधील लेस्टर विद्यापीठाचे प्रा. जॉन टार्नी यांच्यासह प्रा. अहमद यांनी गढवालमधील प्राचीन लाव्हाखडकांचा अभ्यास केला. हिमालय हा तरुण पर्वत असे शाळेत शिकविले जाते आणि ते खरेच आहे. पण त्याच्या अंगात वापरलेले दगड तरुण नाहीत. गढवालचे लाव्हाखडक भारतीय ढालप्रदेशाच्या प्राचीन शिलावरणाशी नाते सांगतात. जुन्या वाड्याचे चिरे काढून नवे घर बांधावे, तसा भारताच्या प्राचीन भूखंडाचा उत्तर काठ हिमालयात रचला गेला आहे.

2000 साली प्रसिद्ध झालेल्या आणखी एका कामात ब्रिटिश सहकाऱ्यांसह त्यांनी गढवालमधील लघुहिमालय आणि उच्च हिमालय यांच्या खडकांची समस्थानिके तपासली. समेरियम-147 या मूलद्रव्याचे अत्यंत संथ गतीने निओडिमियम-143 मध्ये रूपांतर होते. निम्मे होण्यास त्याला सुमारे 10,600 कोटी वर्षे लागतात. या संथ घड्याळावरून गाळ मुळात कोणत्या वयाच्या भूखंडातून आला हे ओळखता येते. डोळ्यांना सारखे वाटणारे खडक या कसोटीवर भिन्न कुळातील ठरले. उच्च हिमालय ज्या महाभ्रंशावरून लघुहिमालयावर ढकलला गेला, त्याची रेषा कोठे आखावी याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. त्या वादात ही रासायनिक ओळख निर्णायक पुरावा म्हणून वापरता येऊ लागली.

पूर्व लडाखमधील निडर येथे तर समुद्राचा तळच डोंगरावर आहे. भारत आणि आशिया यांच्यामध्ये एकेकाळी टेथिस महासागर होता. तो मिटत गेला आणि त्याच्या तळाचे काही तुकडे सिंधू नदीच्या खोऱ्यालगत चिमटीत सापडून वर आले. दिल्ली विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात प्राध्यापक असताना प्रा. अहमद आणि सहकाऱ्यांनी निडरच्या खडकांचे वय सुमारे 14 कोटी वर्षे निश्चित केले. हा निष्कर्ष 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील संभाव्य त्रुटी 3.2 कोटी वर्षांची आहे, हेही त्यांनी नोंदविले आहे. एवढी त्रुटी पाहून सामान्य वाचक चकित होईल. पण मोजमापाची मर्यादा उघडपणे सांगणे हा या शास्त्राचा शिष्टाचार आहे. आर्थिक आकडेवारी मांडणाऱ्यांनीही तो अधिक पाळावयास हरकत नाही. दोन्ही भूखंडांची टक्कर होण्याच्या कितीतरी आधी टेथिसचा तळ आशियाच्या बाजूस खाली खचू लागला होता, हे या वयावरून आणि खडकांच्या रासायनिक घडणीवरून स्पष्ट झाले.

याच काळात मध्य भारताकडेही त्यांचे लक्ष होते. गोंदिया जिल्ह्यातील आमगाव आणि शेजारच्या बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी येथील नाइस खडकांची वये रशियन सहकाऱ्यांसह त्यांनी अभ्यासली. भाताच्या शेतांमध्ये डोके वर काढणारे हे खडक महाराष्ट्राच्या सर्वांत जुन्या भूमीचे अवशेष आहेत.

यंत्रांचा प्रश्न

ब्रिटन, रशिया अशी नावे या प्रवासात वारंवार येतात, त्यामागे विद्वत्तेच्या देवाणघेवाणीबरोबर एक रोकडे कारणही आहे. समस्थानिके मोजणारे मास स्पेक्ट्रोमीटर अतिशय महाग असतात. त्याहून महाग असते त्यांची वर्षानुवर्षे देखभाल करणे आणि ते चालविणारी कुशल माणसे टिकविणे. भारतीय विद्यापीठांतील संशोधकांना दीर्घकाळ आपले नमुने परदेशी प्रयोगशाळांत न्यावे लागले. 2020-21 मध्ये देशाचा संशोधन व विकासावरील एकूण खर्च स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के होता. त्यातून भूविज्ञानाच्या वाट्याला येणारा भाग स्वाभाविकच लहान. प्रत्येक विद्यापीठाला असे यंत्र देणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. सामायिक केंद्र हाच व्यवहार्य मार्ग ठरतो. नवी दिल्लीत नेहरू विद्यापीठाशेजारी असलेल्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या साहाय्याने राष्ट्रीय भूकालमापन सुविधा उभारण्यात आली, ती याच विचाराने. झिर्कॉनच्या वाळूएवढ्या कणातील शिशाची समस्थानिके मोजणारे उपकरण तेथे आहे. देशातील लहान विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना त्यावर किती दिवस मिळतात, यावरून या गुंतवणुकीचे मूल्यमापन व्हावयास हवे.

प्रा. अहमद यांनी पुढे काश्मीर विद्यापीठ (2011-14 आणि 2018-22) व दिल्लीतील जामिया मिल्लिया इस्लामिया (2014-18) येथे कुलगुरुपद सांभाळले. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे ते अधिछात्र झाले. उत्तम संशोधक प्रशासनात गेल्याने विज्ञानाचे काय होते, हा वेगळा आणि अवघड विषय आहे.

अरवलीची व्याख्या

हे सारे ज्ञान अलीकडेच न्यायालयाच्या दारातील वादाशी येऊन भिडले. फरिदाबाद, गुडगाव आणि मेवात या जिल्ह्यांतील अरवलीमध्ये खाणकामावर सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये बंदी घातली होती. पण अरवली म्हणजे नेमके काय, याची राज्याराज्यांत एकच व्याख्या नव्हती. 20 नोव्हेंबर 2025 रोजी न्यायालयाने एका समितीची व्याख्या स्वीकारली. तिच्यानुसार आसपासच्या भूभागापासून किमान 100 मीटर उंच असलेले भूरूप म्हणजे अरवलीची टेकडी. यावर मोठा गदारोळ झाला आणि 29 डिसेंबर 2025 रोजी न्यायालयाने आपल्या आदेशाला स्थगिती दिली. प्रशासनाला मोजता येईल अशी कसोटी हवी असते, हे मान्य करावे लागेल. मात्र शेकडो कोटी वर्षे झिजलेल्या पर्वताला उंचीची पट्टी लावली, तर दिल्लीची रिज बहुतेक ठिकाणी त्या पट्टीत बसत नाही. क्वार्टझाइटच्या भेगांतून पावसाचे पाणी खाली मुरते, ते टेकडी 40 मीटरची आहे की 140, हे पाहून मुरत नाही.

शिवाय अरवली दिल्लीत संपतही नाही. वजिराबादजवळ यमुनेच्या काठी रिज दिसेनाशी होते. तथापि भूभौतिक सर्वेक्षणानुसार तिचा कणा गंगा-यमुनेच्या गाळाखालून ईशान्येस हरिद्वारच्या दिशेने पुढे जातो. भूवैज्ञानिक त्याला दिल्ली-हरिद्वार कटक म्हणतात. हरिद्वारच्या पलीकडे गढवालचे डोंगर सुरू होतात.